तबकडीवर दिसतं ते आणि यंत्रात चाललंय ते

जुना_मेकॅनिक

परवा दुसऱ्या एका धाग्यावर अपघाताची चर्चा चालली होती. तिसऱ्याच प्रतिसादात ‘ह्यूमन एरर’ असा शिक्का बसला आणि पुढे सगळे राजकारणावर घसरले. तिथे लिहायला घेतलं, पण लांबण लागली, म्हणून हा वेगळा धागा. माझं टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

मी उभी नोकरी विमानाच्या उपकरणांच्या वर्कशॉपमध्ये केली. अल्टिमीटर (उंची दाखवणारा), एअरस्पीड (वेग दाखवणारा), गायरो. उघडायचे, धुवायचे, बेअरिंग बदलायची, बेंचवर चढवून तपासायचे, टॅग लावून सोडायचे. १ जानेवारी १९७८ ला मी अप्रेंटिस होतो. रविवार होता. रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं जंबो, ‘सम्राट अशोक’, वांद्र्याच्या किनाऱ्यापासून साधारण तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. आत २१३ माणसं होती, एकही वाचलं नाही. जमीन सोडल्यापासून पाण्यापर्यंत १०१ सेकंद. आधी घातपाताची कुजबुज होती. मग हळूहळू बोट वळलं ते आमच्याच जातीच्या एका उपकरणाकडे.

ते म्हणजे कृत्रिम क्षितिज. कॉकपिटमध्ये ‘एडीआय’ म्हणतात, आम्ही ‘होरायझन’ म्हणायचो. वर निळं, खाली तपकिरी, मध्ये रेघ, आणि समोर विमानाची छोटी खूण. रेघ किती तिरकी यावरून विमान किती कललंय ते कळतं. कुणी म्हणेल, कललेलं कळायला तबकडी कशाला हवी? हवीच. विमान हळूहळू कलत गेलं तर कानातल्या द्रवाला पत्ताच लागत नाही. नीट घेतलेल्या वळणात आपलं वजन सीटमध्ये सरळ खालीच दाबलं जातं, त्यामुळे बुडालाही कळत नाही. दिवसा खिडकीतून क्षितिज दिसतं. रात्री समुद्रावर, वांद्र्याचे दिवे मागे पडले की पुढे नुसती शाई.

त्या रात्री किनारा ओलांडल्यावर विमान थोडं उजवीकडे वळलं आणि परत सरळ झालं. कॅप्टनसमोरचं होरायझन मात्र उजवीकडे कललेलंच राहिलं, असं चौकशीत निघालं. कॅप्टनने कुणीही केलं असतं तेच केलं, व्हील डावीकडे फिरवलं. तबकडी हलेना, म्हणून आणखी डावीकडे.

आता मला इतकी वर्षं छळणारी गोष्ट. कॉकपिटमधलं बोलणं नोंदवणाऱ्या टेपवर कॅप्टन विचारतो की माझ्या इन्स्ट्रुमेंटला काय झालंय, आणि को-पायलट सांगतो की माझाही ‘टॉपल’ झालाय. हा शब्द आमच्या धंद्यातला. भोवरा फिरतोय तोवर उभा, वेग मोडला की लवंडतो. गायरो टॉपल झाला म्हणजे लवंडला, बाद. (मोठ्या विमानात भोवरा त्या तबकडीच्या पोटात नसतो, सिग्नल दुसरीकडून येतो, पण शब्द तोच राहिला.) को-पायलटचं होरायझन बहुधा खरं तेच दाखवत होतं, की विमान डावीकडे भयंकर कललंय. इतका कल बघून त्याला वाटलं असणार, आपलाही गेला. आणि कॅप्टनच्या कानावर पडलं की दोन्ही गेले. मधल्या पॅनेलवर तिसरं, स्टँडबाय होरायझन होतं. फ्लाइट इंजिनिअर कॅप्टनचं लक्ष वळवू बघतो, तेवढ्यात वेळ संपली.

चौकशीने कॅप्टनच्या हालचालींवर ठपका ठेवला. विमान आणि उपकरणं बनवणाऱ्यांवरचा अमेरिकेतला खटला १९८५ मध्ये उडाला. कागद मिटले. माझा प्रश्न राहिला: खरं सांगणारी तबकडी समोर असताना माणूस तिलाच खोटी का ठरवतो? मला वाटतं, तबकडीची घडण आणि हाताला लागलेलं वळण, या दोन्हींचं मिळून ते होतं. एकट्या कुणाचं नाही. तुमच्या तुमच्या यंत्रांवरचं लिहा. विमानच पाहिजे असं काही नाही.

मुक्ता_सातारा

दंडवत काका. माझे बाबा तेव्हा खारला राहायचे, ते अजून त्या रात्रीबद्दल बोलतात. पण हा तबकडीचा भाग आज पहिल्यांदा कळला. सविस्तर लिहा, वाचतेय.

दीडशहाणा

लेख चांगला, पण निष्कर्ष पटला नाही. तीन तबकड्या होत्या, दोन बरोबर होत्या. तीनपैकी दोन जे सांगतात ते खरं, एवढं तर पाचवीतलं पोर सांगेल. को-पायलटला आपली तबकडी वाचता आली नाही, कॅप्टनने तिसरीकडे पाहिलं नाही. याला चूक नाही तर काय म्हणायचं? आता सगळं ऑटोमॅटिक होतंय ते बरंच आहे.

जुना_मेकॅनिक

@दीडशहाणा, पाचवीतल्या पोराला तीन तबकड्या टेबलावर शेजारी शेजारी मांडून दाखवल्या तर सांगेल. इथे एक कॅप्टनच्या नाकासमोर, दुसरी हातभर लांब दुसऱ्याच्या पुढ्यात, तिसरी लहानशी, मधल्या पॅनेलवर. मोठी आणि समोरची ती खरी, हे डोळ्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि तुलना करायची सवय लावलेली नसेल तर अशा वेळी माणूस तुलना करत नाही, जे हाताशी आहे तेच आणखी जोरात करतो. चूक झाली हे मी नाकारत नाहीच. ती तशीच का झाली, एवढंच विचारतोय.

उजवी_सीट

नमस्कार काका. मी पायलट आहे, कंपनीचं नाव राहू दे. आम्हाला आज हे नेमकं शिकवतात. सिम्युलेटरमध्ये इन्स्ट्रक्टर सांगतो, डोळे मिटा, मान खाली. तो विमान वेडंवाकडं करून ठेवतो आणि मग ‘युवर कंट्रोल्स’. डोळे उघडल्यावर पहिली गोष्ट हात हलवणं नाही. आधी तिन्ही होरायझन बघायचे, वेग आणि उंची त्यांच्याशी जुळतेय का बघायचं, मोठ्याने बोलायचं आणि मगच हात. पहिल्या वेळी सगळ्यांचे हात आधी हलतात. माझेही हलले होते.

पण मी लिहायला आले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. काकांनी सांगितलं की विमानाची खूण स्थिर असते आणि रेघ हलते. म्हणजे विमान उजवीकडे कललं की खिडकीतून जसं दिसेल तसं क्षितिज डावीकडे झुकतं. हे पाश्चात्त्य विमानांचं झालं. जुन्या सोव्हिएत विमानांत उलटं होतं. क्षितिज आडवंच, आणि विमानाची छोटी आकृती त्यावर कलते, जणू आपण मागून विमानाकडे बघतोय. दोन्हींतली माहिती एकच. पण दोन्हींच्या तिरप्या रेघेला घाबरलेला हात उलटसुलट प्रतिसाद देऊ शकतो.

यातून माणसं गेली आहेत. १० जानेवारी २००० ला क्रॉसएअरचं साब-३४० झ्युरिकहून ड्रेस्डेनला निघालं आणि रात्री, ढगात, डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे कलत कलत नीडरहास्ली गावाजवळ पडलं. दहा जण गेले. कॅप्टन मोल्दोव्हाचा, आधी सोव्हिएत बनावटीची विमानं उडवलेला. ताणाच्या क्षणी तो जुन्या तबकडीच्या सवयीवर गेला असावा, असं स्विस चौकशीने मांडलं. मग १४ सप्टेंबर २००८, रशियात पेर्म. एरोफ्लोतच्या नावाने उडणारं बोइंग ७३७, ८८ माणसं. तिथे इतरही बरंच काही बिघडलं होतं. दोन इंजिनांचे थ्रॉटल (जोर कमी-जास्त करणारे दांडे) वेगवेगळ्या जागी होते, कॅप्टनच्या शरीरात दारूचा अंश सापडला. पण तो आधी टुपोलेव्हवर होता आणि को-पायलट अँटोनोव्हवर, आणि नवी तबकडी अंगवळणी पडलेली नव्हती, हा मुद्दा चौकशीत स्वतंत्रपणे आला.

दोन्ही ठिकाणी तबकडी ठणठणीत होती. परवाने होते, परीक्षा पास होत्या. दिवसाउजेडी हेच पायलट शंभरातून शंभर वेळा बरोबर वळले असते.

पिक्सेलराव

+१. आमच्या डिझाइनच्या धंद्यात याला जुना नियम आहे: पडद्यावर जे हलतं ते त्याच दिशेने हलायला हवं, ज्या दिशेने वापरणाऱ्याच्या मनातली वस्तू हलते. विमान उडवणाऱ्याच्या मनात विमान हलतं, पृथ्वी नाही. त्या हिशोबाने सोव्हिएत तबकडी नवशिक्याला सोपी.

उजवी_सीट

@पिक्सेलराव, नवशिक्याला कदाचित हो. पण माझ्या मनात आता रेघच हलते. उद्या कुणी ‘सोपी’ तबकडी बसवली तर माझं काय होईल याची मला धास्ती वाटते.

बॉयलरबाबा

बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा निघाला. मी औष्णिक वीज केंद्रात कंट्रोल डेस्कवर, आता रिटायर. २१० मेगावॉटच्या युनिटवर केस पांढरे केले.

आमच्या पवित्र ग्रंथात पहिला अध्याय थ्री माइल आयलंड. अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया, २८ मार्च १९७९, पहाटे चार. अणुभट्टीचा एक रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडला आणि बंद व्हायच्या वेळी अडकून उघडाच राहिला. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला. का? तो दिवा व्हॉल्व्हच्या स्थितीचा नव्हताच. व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कॉइलला वीज जातेय की नाही, तेवढंच तो सांगायचा. ‘बंद हो’ असा हुकूम गेला, दिवा विझला, ऑपरेटरने वाचलं ‘बंद झाला’. आमच्या भाषेत, कमांड गेली, फीडबॅक नाही. पाणी दोन तासांहून जास्त वेळ वाहत राहिलं. ते जिथे जमा होत होतं त्या टाकीचं मीटर पॅनेलच्या मागच्या बाजूला. अलार्म तर पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर. ते छापणारा प्रिंटर इतका मागे पडला की त्याचा कागद म्हणजे शिळा पेपर.

हे सगळ्यांना माहीत असतं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो प्रशिक्षणाचा भाग. त्या ऑपरेटरांना घोटून घोटून शिकवलं होतं की प्रेशरायझर (भट्टीतला दाब राखणारी टाकी) पाण्याने काठोकाठ भरू द्यायचा नाही, भरला तर दाबावरचा ताबा गेला. आता वरून वाफ निसटत होती, खाली भट्टीत पाणी उकळून बुडबुडे होत होते, आणि त्या गडबडीत प्रेशरायझरची पातळी चढलेली दिसत होती. भट्टी कोरडी पडत चालली होती आणि मीटर म्हणत होतं ‘भरलंय’. पोरांनी शिकवल्याप्रमाणे आपत्कालीन पाणी कमी केलं. न शिकलेला माणूस असता तर कदाचित काहीच केलं नसतं आणि यंत्रणेने आपोआप पाणी घातलं असतं! दीड वर्ष आधी, सप्टेंबर १९७७ मध्ये, ओहायोतल्या डेव्हिस-बेसीला हाच व्हॉल्व्ह असाच अडकला होता. तिथे वीसेक मिनिटांत लक्षात आलं. ती गोष्ट पेनसिल्व्हेनियाच्या शिफ्टपर्यंत पोचलीच नाही.

आमच्याकडे याचा धाकटा भाऊ रोज भेटतो. बॉयलरच्या ड्रममधली, म्हणजे पाणी आणि वाफ वेगळी होते त्या टाकीतली, पातळी. लोड अचानक वाढला, वाफ जास्त ओढली गेली की ड्रममधला दाब पडतो, बुडबुडे फुगतात आणि मीटरवर पातळी वाढलेली दिसते. प्रत्यक्षात पाणी कमी होत असतं. याला ‘स्वेल’ म्हणतात. नवीन पोरगं पातळी चढलेली बघून फीडवॉटर (बॉयलरला जाणारं पाणी) कमी करतं, मिनिटभरात फुगवटा ओसरतो, पातळी धाडकन खाली आणि लो ड्रमला युनिट ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. माझ्या हातूनही झालंय. शिफ्ट इंचार्ज काही ओरडले नाहीत. चहा पाजला आणि म्हणाले, “दूध उतू जाताना पातेल्यात दूध वाढतं का रे?” चाळीस वर्षं झाली, मीटर चढलं की आधी दूध आठवतं.

मुक्ता_सातारा

दूध!! काका, हे मी आता कुठेही वापरणार.

कल्याण_स्लो

माझे वडील लोकलचे मोटरमन होते. मी रेल्वेत नाही, पण घरात ऐकून ऐकून पाठ आहे.

लोकलच्या कॅबमध्ये तबकड्या कमीच, खरी तबकडी म्हणजे समोरची काच. हँडल दाबून धरलेलं असायला लागतं, सोडलं की ब्रेक. ‘डेड मॅन’. लहानपणी मला त्या नावाची भीती वाटायची. आणि नव्या सेक्शनवर गाडी न्यायच्या आधी ‘रोड लर्निंग’. तो रस्ता दिवसा-रात्री जुन्या माणसाबरोबर फिरून शिकायचा, मगच सही करायची. बाबा म्हणायचे, पावसाळ्यात सिग्नल दिसत नाही, पण तो कुठे दिसायला पाहिजे ते माहीत असतं. दिसायच्या जागी दिसला नाही की हात आपोआप ब्रेककडे जातो. म्हणजे काकांच्या प्रश्नाला उलट बाजूने उत्तर: डिस्प्ले गायब आहे हीसुद्धा माहिती, पण ज्याने रोड शिकलाय त्यालाच.

लांब पल्ल्याच्या गाडीत लोको पायलट आणि सहायक सिग्नल मोठ्याने पुकारतात आणि हात करतात. बाहेरच्याला गंमत वाटते. बाबा घरी स्कूटरवर मागे बसून आईला सिग्नल पुकारून दाखवायचे, आई वैतागायची.

दीडशहाणा

हे सगळं गोड आहे, पण माझा मुद्दा तिथेच. माणूस चुकतो, तर माणूस काढा. मेट्रो बिनाड्रायव्हरच्या होताहेतच.

जुना_मेकॅनिक

काढला तरी कुठेतरी बसतोच. ड्रायव्हर कॅबमधून उठला की कंट्रोल रूममध्ये जाऊन बसतो. आणि यंत्र चालवतंय, माणूस नुसता बघतोय, ही अवस्था जास्त कठीण. बंगलोरची गोष्ट सांगतो.

इंडियन एअरलाइन्सची एअरबस ए-३२० तेव्हा कोरी करकरीत होती, १९८९ मध्ये यायला लागलेली. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून बंगलोरला गेलेलं ६०५ क्रमांकाचं विमान, स्वच्छ हवेत, दिवसाउजेडी, धावपट्टीच्या अलीकडे गोल्फ कोर्सवर उतरलं. १४६ पैकी ९२ गेले. इंजिनं चांगली, पंख चांगले. झालं काय, तर विमान ‘ओपन डिसेंट’ नावाच्या मोडमध्ये होतं. त्यात इंजिनं आयडलवर (कमीत कमी जोरावर) राहतात आणि विमान उंची देऊन वेग राखतं. उतरताना शेवटच्या टप्प्यात हा मोड नको असतो. तिथे कसं पोचले? चौकशीतला एक अंदाज असा की उतरण्याचा वेग मिनिटाला ७०० फूट लावायला सांगितलं होतं, आणि हात शेजारच्या उंचीच्या नॉबवर गेला, तिथे ७०० लागले. शेजारी शेजारी दोन नॉब, दोन्हींवर आकडे.

आणि माझ्यासारख्याला खुपणारी गोष्ट: बोइंगमध्ये ऑटोथ्रॉटल (इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) इंजिन कमी करतं तेव्हा थ्रॉटलचे दांडे स्वतः मागे सरकतात, हाताला कळतं. एअरबसमध्ये दांडे एका खाचेत स्थिर, पडद्यावर आकडे आणि अक्षरं बदलतात. हाताचं मीटर काढून घेतलं आणि सगळं डोळ्यावर टाकलं. डोळे तेव्हा खिडकीबाहेर धावपट्टी शोधत होते.

उजवी_सीट

काका, आदर ठेवून असहमत. मी एअरबसच उडवते. दांडे हलत नाहीत हा दोष नाही, ती वेगळी भाषा आहे. आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की मोड बदलला की वरच्या पट्टीवरची अक्षरं वाचून मोठ्याने बोलायची. लाखो उड्डाणं अशी होतात. बंगलोरची अडचण ही की सगळ्यांसाठीच विमान नवं होतं आणि डोळे जुन्या विमानाचे होते.

जुना_मेकॅनिक

मग आपलं भांडण कुठे आहे? तुम्ही म्हणता शिकवलं तर चालतं, मी म्हणतो शिकवावं लागतं एवढं तरी कबूल करा. दांडा हलला असता तर शिकवावं लागलं नसतं.

उजवी_सीट

नाही काका, तिथेही शिकवावं लागतं. २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोला एशियानाचं बोइंग ७७७ धावपट्टीआधीच्या बांधावर आपटलं. तिथे हलणारे दांडे होते. पण ऑटोथ्रॉटल अशा मोडमध्ये गेलं होतं की ते हलणारच नव्हते. न हलणारा दांडा कुणाला खटकला नाही.

जुना_मेकॅनिक

हे बरोबर पकडलंत. विचार करून लिहितो.

नॉटिंगहॅमकर

उशिरा आलो. मी इथून एम-१ हायवेने रोज जातो, केगवर्थच्या पुढे रस्त्याच्या कडेचा जो बांध लागतो त्यावर ८ जानेवारी १९८९ ला ब्रिटिश मिडलंडचं ७३७ आपटलं होतं. हीथ्रोहून बेलफास्टला निघालेलं, ४७ माणसं गेली. गावच्या दफनभूमीत स्मारक आहे.

या धाग्यात ती गोष्ट हवीच, कारण तबकडी आणि तालीम दोन्ही एकाच वेळी बदलली की काय होतं ते तिथे दिसतं. डाव्या इंजिनाचं पंख्याचं पातं तुटलं. हादरे, धूर. पायलटांनी उजवं इंजिन बंद केलं. चांगलं इंजिन. कसं? कॅप्टन जुन्या ७३७ वर शिकलेला. धूर केबिनमधून येतोय असं वाटलं आणि जुन्या विमानात केबिनची हवा मुख्यतः उजव्या इंजिनाकडून यायची, त्या ज्ञानावरून त्याने उजव्याकडे बोट दाखवलं. हे विमान होतं नवं ७३७-४००, तिथे तो हिशोब चालत नव्हता. इंजिनाच्या हादऱ्यांचं मीटर होतं आणि ते डाव्याकडेच दाखवत होतं. पण जुन्या विमानांत ते मीटर इतकं बेभरवशाचं होतं की पायलट लोकांनी त्याच्याकडे बघणं सोडलं होतं. नव्यात ते सुधारलं होतं, हे डोळ्याला कोण सांगणार? शिवाय नव्या पॅनेलवर मोठे काटे जाऊन तबकडीच्या कडेने सरकणारे छोटे प्रकाशठिपके आले होते.

आणि तालीम? एका दिवसाचा दृकश्राव्य कोर्स. त्या पॅनेलचा सिम्युलेटर तेव्हा ब्रिटनमध्ये नव्हता. दोघांचे मिळून ७३७ वर हजारेक तास, त्यातले -४०० वर फक्त ७६.

सगळ्यात वाईट भाग म्हणजे उजवं इंजिन कमी केल्यावर योगायोगाने हादरे आणि धूर कमी झाले. यंत्राने जणू पाठ थोपटली. कॅप्टनने घोषणा केली की उजव्या इंजिनात बिघाड आहे. मागे बसलेल्या प्रवाशांनी डाव्यातून ठिणग्या पाहिल्या होत्या. कुणी काही बोललं नाही. पायलटला जास्त कळतं ना!

दीडशहाणा

हे माहीत नव्हतं. सिम्युलेटर नाही म्हणजे खर्च वाचवला. ७३७ मॅक्सला पण तेच ना? ‘नवीन सिम्युलेटर ट्रेनिंग लागणार नाही’ हे विकण्याचं कलम होतं.

उजवी_सीट

हो. २०१८ ला लायन एअरच्या मॅक्समध्ये १८९ माणसं गेली, २०१९ ला इथिओपियनच्या मॅक्समध्ये १५७. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणाऱ्या एमकॅस या यंत्रणेचं नावसुद्धा पहिल्या अपघातापर्यंत पायलटांच्या पुस्तकात नव्हतं. विमानाचा हवेशी असलेला कोन मोजणाऱ्या दोन सेन्सरांत मतभेद आहे असं सांगणारी सूचना फक्त ज्यांनी जादा पैसे देऊन एक वेगळा निर्देशक घेतला होता, त्यांच्याच पडद्यावर चालत होती. याहून जास्त लिहीत नाही, त्रास होतो.

रात्रपाळी

मी आयसीयूत स्टाफ नर्स. तुमच्या विमानांपुढे आमचं छोटं वाटेल. वॉर्डात दोन कंपन्यांचे सिरिंज पंप होते. एकावर दशांश चिन्ह आपोआप पडतं, दुसऱ्यावर बटण दाबावं लागतं. रात्री तीनला माझ्याकडून ५.० ऐवजी ५० लागले. सुरू करायच्या आधी शेजारच्या बेडची सिस्टर डोस बघायला आली (दोघींनी बघायचं असा नियम आहे), तिने पकडलं. मला मेमो मिळाला. पंप दोन प्रकारचे का, हे मेमोत नव्हतं.

अलार्मचं तर विचारू नका. बोटाचा सेन्सर निसटला तरी तोच आवाज, ऑक्सिजन खरंच पडला तरी तोच.

बॉयलरबाबा

ताई, छोटं कसं? तेच आहे सगळं. २४ जुलै १९९४ ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला, त्याआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. मी डेस्कवर पोरं पाहिलीत, एका हाताने मोबाइल, दुसऱ्या हाताचं बोट ‘ॲक्नॉलेज’वर (अलार्म पाहिला असं सांगणारं बटण) ढोलकीसारखं. रागवायचो. मग एकदा शिफ्टभर मोजले आणि रागवायचं सोडलं. निम्मे अलार्म असे की त्यावर करण्यासारखं काहीच नव्हतं. इन्स्ट्रुमेंटेशनच्या पोरांना घेऊन आम्ही यादी कापायला बसलो. प्रत्येक अलार्मपुढे ‘हा वाजला तर काय करायचं?’ असं लिहायचं, उत्तर आलं नाही तर अलार्म काढायचा. आठ महिने गेले. वरच्यांना ते काम दिसतच नव्हतं.

अवांतर: वीज केंद्रात चालू म्हणजे लाल, बंद म्हणजे हिरवा. ब्रेकर क्लोज, लाल. केमिकल कारखान्यातून आलेला एक मुलगा, त्याच्याकडे चालू म्हणजे हिरवा. पहिल्या रात्री पॅनेलवर सगळं लाल बघून त्याने मला झोपेतून उठवलं होतं. सगळं छान चालू होतं.

पिक्सेलराव

लाल म्हणजे चालू?? यावर एक वेगळा धागा काढतो.

जुना_मेकॅनिक

सॅन फ्रान्सिस्कोवर विचार केला. @उजवी_सीट, तुमचं मान्य. दांडा हलतो म्हणून हाताला भरवसा बसतो आणि मग तो हलायचा थांबला हे हाताला कळत नाही. माझ्या बेंचवर याची एक गोष्ट आहे. आमचे फोरमन नव्या पोरांना मुद्दाम बिघडवलेला अल्टिमीटर द्यायचे. काटा अडकलेला नसायचा, तसा कुणालाही कळतो. थोडासा, एका उंचीपुरता, आळशी केलेला असायचा. आणि म्हणायचे, यातला दोष शोधेपर्यंत जेवायला जायचं नाही. मला दोन दिवस लागले. तेव्हा वाटलं, म्हातारा छळतोय. वांद्र्याच्या रात्रीनंतर कधीच वाटलं नाही. पायलटला मात्र अशी आळशी तबकडी कुणी हातात देत नसे, त्याला चांगल्या तबकड्यांवरच शिकवायचे. आज सिम्युलेटरमध्ये देतात हे तुमच्याकडून कळलं.

@रात्रपाळी ताई, मेमोला उत्तर दिलंत का?

रात्रपाळी

दिलं. दोन्ही पंपांचे फोटो शेजारी शेजारी चिकटवून दिलं. मेमो मागे घेतला नाही, पण गेल्या महिन्यात आमच्या बाजूचे सगळे पंप एकाच प्रकारचे केले. चालू असला की हिरवा दिवा लागतो.

बॉयलरबाबा

हिरवा? ताई, मी कधी तुमच्याकडे ॲडमिट झालो तर मला आधी सांगून ठेवा, नाहीतर पंप बंद पडला म्हणून मीच बेल वाजवेन.